ओसीआयचा अर्ज परत येऊ नये म्हणून: आधी कागद जुळवा, मग फॉर्म उघडा

परदेशी नागरिकत्वाची शपथ होते, नवा पासपोर्ट हातात पडतो आणि त्याच रात्री लोक ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या कार्डाचा) फॉर्म उघडून बसतात. पुढचे कित्येक आठवडे मग खुलासे देण्यात जातात. नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांचे हे अर्ज भरायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. परत आलेले अर्ज बघते तेव्हा कागद कमी पडला म्हणून अडलेले थोडेच सापडतात. कागद सगळे असतात, पण या कागदावरची बाई आणि त्या कागदावरची बाई एकच आहे, हे त्यातून दिसत नाही. अर्ज तपासणारा अधिकारी आपल्याला ओळखत नसतो. त्याच्यासमोर फक्त आपल्या पीडीएफ असतात.

म्हणून फॉर्म या लेखात बराच उशिरा येतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण अजूनही गैरसमज आहे. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कितीही वेळा ये-जा करता येईल असा आयुष्यभराचा व्हिसा, असं समजा.

टप्पा १: अर्ज कोणत्या नात्यावर करायचा ते ठरवा

तुम्ही स्वतः भारतीय नागरिक होता, तुमचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा होते, किंवा तुमचा जोडीदार भारतीय नागरिक वा ओसीआय कार्डधारक आहे, यांपैकी एका आधारावर अर्ज उभा राहतो. १८ वर्षांखालच्या मुलाच्या आई-वडिलांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असेल, तरी मूल पात्र ठरतं. अर्जदार किंवा त्याचे आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कुणी कधीही पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील, तर मात्र ओसीआय मिळत नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पणजोबांचा जन्म फाळणीपूर्वी कराचीत झाला, म्हणून घाबरून लोक जन्मस्थळ बदलून लिहितात. तसं करू नका. १९४७ पूर्वी कराचीत जन्मणं वेगळं आणि पाकिस्तानचं नागरिक असणं वेगळं. जन्मस्थळ खरं तेच लिहा आणि ते भारतीय नागरिक होते याचा कागद जोडा.

जोडीदाराच्या आधारावर अर्ज करायचा तर लग्नाची नोंद झालेली हवी आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं ते लग्न टिकलेलं हवं. नवरा-बायको दोघंही मूळचे भारतीय असतील तर प्रत्येकाने स्वतःच्या मुळावर अर्ज करावा. जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं. स्वतःच्या मुळावर मिळालेल्या कार्डाला ही भीती नसते.

खबरदारी: आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर अर्ज करणार असाल, तर मधल्या प्रत्येक पिढीला जोडणारा जन्मदाखला लागतो. आजोबा ते वडील, वडील ते तुम्ही. साखळीतली एक कडी तुटली की अर्ज तिथेच थांबतो.

टप्पा २: भारतीय पासपोर्ट सरेंडर करा, म्हणजे परत देऊन रद्द करून घ्या

सगळ्यात जास्त चुकणारा क्रम हाच. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार, आपण स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी आपोआप संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. पण भारतीय पासपोर्ट आपल्याकडेच राहतो आणि "अजून चार वर्षं शिल्लक आहेत, एकदा जाऊन येऊ" असा मोह होतो. तो प्रवास बेकायदेशीर आहे. सरेंडरच्या वेळी पासपोर्टवरचे शिक्के बघितले जातात आणि अशा प्रवासाचा दंड बसतो.

सरेंडरसाठी तुम्ही राहता त्या भागाच्या भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करायचा. बऱ्याच देशांत कागद त्यांनी नेमलेल्या सेवा केंद्रात द्यावे लागतात. रद्द झाल्याचा शिक्का मारलेला पासपोर्ट आणि सरेंडर सर्टिफिकेट या दोन गोष्टी परत मिळतात. ओसीआयच्या अर्जाला दोन्ही लागतात. १ जून २०१० पूर्वी परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांसाठी फीचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तुमच्या शपथेची तारीख आधी बघा.

आई-वडिलांबरोबर मुलालाही परदेशी नागरिकत्व मिळालं असेल आणि त्याचा भारतीय पासपोर्ट असेल, तर तोही सरेंडर करायचा आहे. मोठ्यांचे दोन्ही पासपोर्ट दिले जातात आणि मुलाचा कपाटात राहून जातो, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

जुना पासपोर्ट हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि असेल तर जुन्या पासपोर्टची झेरॉक्स यांच्या आधारे सरेंडर होतं. हरवला म्हणून सरेंडर टळत नाही.

तपासा: सरेंडर सर्टिफिकेटवरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक जुन्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतो का? चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

टप्पा ३: सगळ्या कागदांवरचं नाव जुळवा

आपल्या मराठी लोकांचं घोडं पेंड खातं ते इथेच. आपल्याकडे नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. हे तीन भाग प्रत्येक कागदावर वेगळ्या जागी जाऊन बसतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव पुढे असतं. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव दिलेल्या नावातच जोडलेलं असतं. परदेशी पासपोर्ट काढताना कुणी वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून ठेवतं, कुणी नको म्हणून गाळून टाकतं. लग्नानंतर सासरी नाव बदललं असेल तर एकाच बाईची तीन-तीन पूर्ण नावं तयार होतात.

माझ्या मावशीच्या अर्जाच्या वेळी आम्ही तिचे सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, भारतीय पासपोर्टवर सासरचं नाव आणि नवऱ्याचं नाव, परदेशी पासपोर्टवर सासरचं आडनाव पण मधलं नाव कोरं. शिवाय आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक जादा 'ए'. तिच्या दृष्टीने सगळी तीच होती. कागदांच्या दृष्टीने त्या तिघी होत्या.

एक कोरा कागद घ्या आणि तक्ता करा. डावीकडे प्रत्येक कागदाचं नाव लिहा: परदेशी पासपोर्ट, परदेशी नागरिकत्व मिळाल्याचं नागरिकत्व प्रमाणपत्र, भारतीय पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र. उजवीकडे त्या कागदावर छापलेलं नाव स्पेलिंगसकट जसंच्या तसं उतरवा. शेजारी जन्मतारीख आणि जन्मस्थळही लिहा. जिथे फरक दिसेल तिथे गोल करा. प्रत्येक गोलासाठी एक कागद हवा.

लग्नाने बदललेल्या नावाला विवाह प्रमाणपत्र पुरतं. महाराष्ट्रात ते 'नमुना ई' मध्ये मिळतं. मंगल कार्यालयाची पावती किंवा गुरुजींनी दिलेला कागद चालत नाही. स्वतःहून बदललेल्या नावाला राजपत्रातली नोंद किंवा त्या देशाच्या न्यायालयाचा आदेश लागतो. स्पेलिंगमधला किंवा नावांच्या क्रमातला फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं, नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. त्यात "नाव थोडं वेगळं आहे" असं मोघम लिहू नका. कोणत्या कागदावर नेमकं काय छापलं आहे ते प्रत्येक नाव अवतरणात लिहा.

जन्मस्थळाचं वेगळंच. मुंबईत जन्मलेल्या कित्येकांच्या कागदांवर 'बॉम्बे' आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची अधिकृत नावं बदलून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. फॉर्ममध्ये नवं नाव लिहावं की जुनं, असं लोक विचारतात. परदेशी पासपोर्टवर जे छापलं आहे तेच लिहा. आपल्या मनात काय बरोबर आहे यापेक्षा कागद काय म्हणतो हे इथे महत्त्वाचं.

खबरदारी: परदेशी पासपोर्टवरच चुकीचं नाव किंवा जन्मस्थळ छापलं असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या. ओसीआय कार्ड त्या पासपोर्टबरहुकूम निघतं. चुकीवर चूक चढवली की पुढे दोन सरकारांकडे दुरुस्ती मागत बसावं लागतं.

टप्पा ४: कागद गोळा करा

स्वतःच्या मुळावरचा अर्ज: किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला परदेशी पासपोर्ट, नागरिकत्व प्रमाणपत्र, रद्द केलेला भारतीय पासपोर्ट, सरेंडर सर्टिफिकेट आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. नावातल्या फरकासाठी जमवलेले कागद यातच आले.

मुलाचा अर्ज: इथे जन्मदाखल्यावर आई-वडील दोघांची पूर्ण नावं हवीत. ब्रिटनमध्ये जन्मदाखल्याचा छोटा नमुना मिळतो, त्यावर आई-वडिलांची नावं नसतात. तो जोडला तर अर्ज परत येतो, म्हणून मोठा नमुनाच मागवा. अमेरिकेतल्या काही दाखल्यांचीही हीच गत आहे. त्याशिवाय आई-वडिलांचे पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड, त्यांचं विवाह प्रमाणपत्र आणि दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र लागतं. एक पालक भारतात आणि एक परदेशात असेल तर ही सही सगळ्यात आधी मिळवा, कारण नोटरी आणि कुरियरमध्ये दिवस जातात.

जोडीदाराचा अर्ज: विवाह प्रमाणपत्र हा त्याचा पाया. लग्न परदेशात झालं असेल तर त्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा आंतरराष्ट्रीय दाखला) किंवा दूतावासाची साक्षांकित मोहोर लागेल का, ते तुमच्या दूतावासाच्या यादीत बघा. अशा अर्जांची चौकशी जास्त होते आणि मुलाखतही होऊ शकते. तेव्हा दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आधी घाई करू नका.

जुन्या पिढीचा भारतीय पासपोर्टच नसेल तर जन्मदाखला किंवा नॅशनॅलिटी अँड डोमिसाइल सर्टिफिकेट (राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा सरकारी दाखला) शोधा. गावच्या ग्रामपंचायतीतल्या जुन्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव लिहिलेलंच नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं. असा दाखला एकटा काही सिद्ध करत नाही. नावाची नोंद करून घ्या, किंवा नोंदच सापडत नसेल तर तसा दाखला घेऊन त्याला शाळेच्या दाखल्याची जोड द्या. गावाकडचं हे काम माणूस समक्ष गेल्याशिवाय हलत नाही, म्हणून सुट्टीत भारतात आलात की तेव्हाच उरकून घ्या.

तपासा: कागदांचा गठ्ठा तुम्हाला ओळखत नसलेल्या एखाद्याला द्या आणि विचारा, "ही एकच व्यक्ती आहे हे पटतं का?" तो अडखळला तर अधिकारीही अडखळेल.

टप्पा ५: फोटो, सही आणि स्कॅन

फोटो चौकोनी हवा, ५१ बाय ५१ मिलिमीटर. परदेशी पासपोर्टसाठी काढलेला लांबट फोटो कापून बसवू नका, डोकं कापलं जातं. पार्श्वभूमीच्या रंगाची सूचना ओसीआयच्या सरकारी पोर्टलवर वाचूनच फोटो काढा. सहीची प्रतिमा आडवी असते, रुंदी उंचीच्या तिप्पट. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने, चौकट भरेल इतकी मोठी सही करा.

सही करता न येणाऱ्या लहान मुलाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा. भाचीच्या बाळाचा ठसा घेताना आम्ही चार कागद वाया घालवले. बाळ झोपलेलं असताना घ्या. शाई पॅडवर अंगठा दाबू नका, बोटाने शाई अलगद अंगठ्याला लावा आणि कागद अंगठ्याकडे न्या. डाग नको, रेषा दिसायला हव्यात. आईने बाळाच्या नावाने सही करणं हा या वयातल्या अर्जांचा ठरलेला दोष आहे.

स्कॅन करताना प्रत्येक प्रकारचा कागद वेगळ्या पीडीएफमध्ये ठेवा आणि फाइलला ओळखू येईल असं नाव द्या. आकाराची मर्यादा पाळायला फाइल इतकी दाबू नका की पासपोर्टवरचे आकडे पुसट होतील. रंगीत ऐवजी करड्या रंगात स्कॅन केलं तर आकार पुष्कळ कमी होतो.

टप्पा ६: आता फॉर्म

ओसीआय सर्व्हिसेस डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरच भरा. मिळत्याजुळत्या नावाच्या खासगी साइट जादा पैसे घेऊन हेच काम करतात. मे २०२५ मध्ये नवं पोर्टल आलं. त्यात अर्धवट अर्ज जपून ठेवता येतो, फोटो कापायची सोय तिथेच आहे आणि अंतिम सबमिट करेपर्यंत कुठलीही माहिती बदलता येते. या शेवटच्या सोयीचा फायदा घ्या. एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका.

तारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी लिहायची आहे. अमेरिकेत राहून हाताला उलटी सवय लागलेली असते आणि ४ जुलैचं ७ एप्रिल होतं. आडनाव आणि दिलेलं नाव परदेशी पासपोर्टमध्ये ज्या रकान्यात आहे, त्याच रकान्यात घाला. पूर्वी नाव बदललं आहे का, या प्रश्नाला 'नाही' म्हणून सुटका करून घेऊ नका. टप्पा ३ मध्ये गोल केलेली सगळी नावं इथे लिहा. पूर्वीचं नागरिकत्व, ते कधी आणि कसं बदललं, यांची उत्तरं नागरिकत्व प्रमाणपत्रावरून उतरवा, आठवणीवरून नको.

अर्ज कुठे करता आहात, हे निवडताना तुम्ही राहता त्या भागाचंच कार्यालय घ्या. भारतात राहून अर्ज करत असाल तर तो तुमच्या भागाच्या एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या विभागीय कार्यालयाकडे) जातो. मुंबईत असं कार्यालय आहे.

तपासा: सबमिट करण्यापूर्वी फॉर्म छापा. एकाने पासपोर्ट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने फॉर्मवर बोट ठेवून ऐकायचं. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, पण या पद्धतीत त्या हमखास सापडतात. सबमिट झाल्यावर मिळणारा क्रमांक तिथल्या तिथे लिहून ठेवा.

टप्पा ७: पैसे भरा, गठ्ठा पाठवा

नव्या अर्जाची फी परदेशात २७५ अमेरिकी डॉलर किंवा तितकं स्थानिक चलन, आणि भारतात १५,००० रुपये. सेवा केंद्राचं शुल्क त्यावर वेगळं. नव्या पासपोर्टमुळे कार्ड पुन्हा काढायचं असेल तर २५ डॉलर किंवा १,४०० रुपये, आणि हरवलेल्या कार्डाला १०० डॉलर किंवा ५,५०० रुपये लागतात.

छापील फॉर्मवर सही चौकटीच्या आतच करा. मूळ कागद मागितले नसतील तर पाठवू नका. झेरॉक्स साक्षांकित हवी की नोटरी केलेली, हे देशागणिक बदलतं. शेजाऱ्याने मागच्या वर्षी काय केलं होतं यावर जाऊ नका, तुमच्या केंद्राची आजची यादी छापून तिच्यावर एकेक खूण करत गठ्ठा लावा. बंद करण्याआधी सगळ्या गठ्ठ्याचे फोनवर फोटो काढून ठेवा.

टप्पा ८: अर्ज गेल्यावर

अर्जाची स्थिती पोर्टलवर त्याच क्रमांकाने दिसते. कार्ड हातात येईपर्यंत त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका. तातडीने जावं लागलंच तर परदेशी पासपोर्टवर व्हिसा काढून जा.

खुलासा मागणारी ईमेल आली तर शांतपणे दोनदा वाचा. त्यात नेमकं एखादंच काही मागितलेलं असतं. घाबरून लोक पुन्हा सगळे कागद पाठवतात आणि मागितलेला कागद त्यातच हरवतो. मागितलं तेवढंच पाठवा, सोबत कोणत्या मुद्द्याचं उत्तर आहे ते दोन ओळींत लिहा. नवीन अर्ज भरून पहिला तसाच सोडून देऊ नका. एका माणसाचे दोन अर्ज दिसले की दोन्ही रखडतात.

टप्पा ९: कार्ड आल्यावर

पाकीट उघडल्या उघडल्या नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि पासपोर्ट क्रमांक बघा. चूक छपाईची असेल तर लगेच कळवा. विमानतळावर कळली तर फार उशीर झालेला असतो.

पासपोर्ट बदलल्यावर काय करायचं याचे नियम २०२१ मध्ये सोपे झाले, पण जुने सल्ले अजून फिरत आहेत. कार्ड वयाच्या २० वर्षांआधी मिळालं असेल, तर २० पूर्ण झाल्यानंतर पहिला नवा पासपोर्ट मिळतो तेव्हा एकदाच कार्ड पुन्हा काढायचं. कार्ड २० नंतर मिळालं असेल तर पुन्हा काढायची गरज नाही. वयाच्या २० पर्यंत प्रत्येक नवा पासपोर्ट, आणि ५० पूर्ण झाल्यानंतरचा एक, तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत फोटोसह पोर्टलवर अपलोड करायचा. याला पैसे पडत नाहीत. जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्यांनी मात्र प्रत्येक नव्या पासपोर्टच्या वेळी लग्न टिकून असल्याच्या घोषणेसह अपलोड करायचं असतं.

प्रवासात परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हातातल्या पिशवीत ठेवा. कार्डावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक असेल तर तो जुना पासपोर्टही सोबत असू द्या. कायद्याने त्याची सक्ती नाही, पण पहाटे तीन वाजता विमान कंपनीच्या काउंटरवर नवखा कर्मचारी असतो तेव्हा वाद घालण्यापेक्षा पासपोर्ट पुढे करणं सोपं जातं.